गाडी खाली केली

मंडळी, मागच्या अंकात आम्ही भिंतीवरच्या बुरशीबद्दल आणि डीह्युमिडिफायरबद्दल लिहिलं होतं. ते वाचून एका वहिनींनी कार्यक्रमाच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही इंजिनीयर लोक कायम घराचंच लिहिता. आमच्या मुलांच्या गाड्यांबद्दल लिहा की कधीतरी. झोप उडवलीय त्या गाड्यांनी." आम्ही नुसती मान डोलावली आणि वडा घेऊन सटकलो. कारण त्या वेळी आमच्याच घरात त्याच विषयावर सहा महिन्यांचं मौनव्रत चालू होतं. आता ते सुटलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. चिरंजीवांनी मजकूर वाचून दोन आकडे दुरुस्त केलेत आणि "बाबा, तुझी चूक पण लिही" अशी अट घातलीय. ती पाळली आहे.

तर गाडी. माझदा अ‍ॅक्सेला, २००६ सालची, जपानहून वापरून आलेली, म्हणजे साधारण चिरंजीवांच्याच वयाची. १९९८ मध्ये न्यूझीलंडने मोटारींवरचं आयातशुल्क काढून टाकलं आणि त्याच वर्षी इथले गाड्या जुळवणारे शेवटचे कारखाने बंद पडले. जपानच्या जुन्या गाड्या त्याच्याही आधीपासून येत होत्याच, पण तेव्हापासून आपण सगळे जवळजवळ त्यांच्यावरच जगतोय. आम्ही २००३ साली मास्टर्सला इथे आलो तेव्हा आमची पहिली गाडीही तसलीच होती. तिचा रेडिओ अर्धीच स्टेशनं पकडायचा आणि दारावरची सूचना जपानीत होती.

चिरंजीव सुपरमार्केटात शनिवार-रविवार शेल्फं भरतात. त्या पैशांतून त्यांनी कुणाकडून तरी वापरलेल्या आखूड स्प्रिंगांचा सेट घेतला आणि एका रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये बसवून गाडी ४५ मिलिमीटर खाली आणली. घरी आले आणि आजीला (आमची आई मे महिन्यात सांगलीहून आली होती) मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आजी, मी गाडी खाली केली." आजी म्हणाली, "बरं झालं बाबा. किती दिवस ते सामान पडून होतं त्यात."

आमचं घर हिल्सबरोच्या उतारावर आहे. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हिल्सबरो रोड डोंगराच्या कण्यावरून जातो आणि बाजूचे रस्ते खाली मानुकाऊच्या पाण्याकडे घसरतात. देखावा सुंदर, ड्राइव्हवे भयंकर. फुटपाथ ओलांडून ड्राइव्हवे जिथे खाली वळतो तिथे त्या संध्याकाळी 'खर्रर्र' असा आवाज झाला, आणि आम्ही ताटावरून उठलो.

त्यानंतर जे झालं ते फार बरं नव्हतं. आम्ही 'बॉय रेसर' हा शब्द वापरला. २००९ च्या कायद्याचा दाखला दिला, ज्यात रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांच्या गाड्या जप्त करून चिरडून टाकायची तरतूद झाली आणि पोलीसमंत्री ज्युडिथ कॉलिन्स यांना 'क्रशर' हे नाव पडलं. पहिली गाडी प्रत्यक्ष चिरडली गेली २०१२ मध्ये, हेही आम्ही ऐकवलं. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, मी रेस करत नाही. मला ती तशी दिसायला आवडते, बस." आम्ही ते ऐकलं नाही. मग दोघांनीही बोलणं बंद केलं. जेवणाच्या टेबलावर 'मीठ दे' एवढंच.

आता आमची चूक. ऑगस्टमध्ये एकदा आमच्या गाडीच्या मागे त्याची गाडी होती म्हणून आम्ही ती काढायला बसलो. रस्त्यावर जाऊन वळवून आणली, तेवढ्यात लक्षात आलं की गाडी सरळ चाललीय पण स्टीअरिंग किंचित डावीकडे तिरकं धरावं लागतंय. मेकॅनिकल इंजिनीयरला याचा अर्थ कळतो. आम्ही गेली अठरा वर्षं एअर कंडिशनिंगच्या डक्टमध्ये काढली असली, तरी कळतो. मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेशी जुळत नाहीत असा त्याचा अर्थ. आम्ही गाडी लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि गप्प बसलो. म्हटलं, भोगेल आणि शिकेल.

पुढे काही आठवड्यांनी आजी बागेत कपडे वाळत घालताना म्हणाली, "त्याच्या गाडीची मागची चाकं फेंगडी दिसतात रे." आम्ही हसण्यावारी नेलं. त्यानंतर दोन दिवसांनी रात्री भांडी पुसताना ती हळूच म्हणाली की परवा सँडरिंगहॅमहून वाणसामान घेऊन येताना पाऊस होता, हिल्सबरो रोडच्या उतरत्या वळणावर गाडी मागून फिरली आणि आडवी होऊन पलीकडच्या लेनमध्ये जाऊन थांबली. समोरून कुणी येत नव्हतं. "त्यानं सांगू नको म्हटलं होतं. पण त्याचे हात घरी येईपर्यंत थरथरत होते. वेगात नव्हता हं तो, देवाशप्पथ."

आम्ही टॉर्च घेऊन खाली गेलो. बाहेरून पाहिलं तर मागचे टायर जवळजवळ नवे. मग जमिनीवर आडवे होऊन गाडीखाली पाहिलं. आतल्या कडेला रबर संपून तारा वर आल्या होत्या, दोन्ही बाजूंना. इथल्या नियमाप्रमाणे टायरच्या तीनचतुर्थांश रुंदीवर निदान दीड मिलिमीटर खोल खाचा लागतात आणि तारा दिसल्या की विषयच संपला. पण नियमाचं आम्हाला त्या क्षणी काही वाटलं नाही. आमची आई त्या गाडीत बसली होती, आणि आमचा मुलगाही.

चिरंजीव पायरीवर येऊन उभे होते. म्हणाले, "दोनदा बदलले टायर. अलाइनमेंट पण करून घेतली, पैसे देऊन. तरी परत तसंच होतं." चार महिन्यांत मागच्या टायरांची ही दुसरी जोडी. शेल्फं भरून मिळालेले सगळे पैसे त्यात गेले होते. आणि जिथे अलाइनमेंट केली त्या दुकानाचा कागद पाहिला तर त्यांनी फक्त पुढच्या चाकांची केली होती. मागचं पाहिलंच नव्हतं. आम्ही म्हटलं, "रविवारी सकाळी आठला." एवढंच बोललो. त्याला तेवढं पुरलं. ती गाडी तोपर्यंत हलणार नाही हे न सांगताच ठरलं.

आता तीन शब्द समजून घ्या, पुढे कामाला येतील. समोरून पाहिलं असता चाक उभं आहे की कललेलं, तो कॅम्बर. वरचं टोक आत आणि खालचं बाहेर असेल तर निगेटिव्ह. आजीच्या भाषेत फेंगडं. वरून पाहिलं असता दोन चाकं एकमेकांकडे तोंड करतात की पाठ फिरवतात, तो टो. चालताना पावलं आत टाकणं किंवा बाहेर फाकवणं, तसंच. आणि सायकलचा पुढचा फोर्क जसा तिरका असतो, तो कॅस्टर. त्याच्यामुळे स्टीअरिंग आपोआप सरळ होतं.

स्प्रिंग आखूड केला की गाडी नुसती लिफ्टसारखी सरळ खाली येत नाही. चाक जागेवरच असतं, अंग खाली येतं, आणि दोघांना जोडणारे आर्म आपापल्या बिजागरीभोवती फिरतात. त्यामुळे तिन्ही कोन बदलतात. पुढे या गाडीला मॅकफर्सन स्ट्रट आहे, आपल्या मारुती ८०० ला १९८३ पासून होता तोच प्रकार. त्यात खालचा आर्म आडवा असायचा तो आता बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसतो. मग गंमत अशी होते की गाडी ज्या अदृश्य बिंदूभोवती वळणावर कलते, तो रोल सेंटर गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे गाडी बुटकी झाली तरी तिला कलंडवणारा दांडा लांबच झाला! स्प्रिंग पुरेसे कडक नसतील तर खाली केलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलते. शिवाय स्टीअरिंगचा रॉड आणि आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू लागतात, त्यामुळे खड्ड्यात चाक गेलं की ते आपणहून थोडं वळतं. 'खाली केली म्हणजे रस्त्याला चिकटली' हे पोरांचं गणित दर वेळी खरं नसतं, ते यामुळे.

रविवारी आठ वाजता पहिली अडचण: सपाट जमीन. हिल्सबरोत सपाट जमीन मिळणं म्हणजे सांगलीत थंडगार मे मिळणं. गॅरेजची फरशीसुद्धा पाणी जावं म्हणून उतरती. सांगलीच्या गवंड्याची आठवण झाली. बागेच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, आणि चार चाकांच्या चार जागांची पातळी काढली. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये ११ मिलिमीटरचा फरक निघाला. चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या आसपास. म्हणजे जमिनीनंच ०.४ अंशाची लबाडी केली असती. प्लायवुडचे तुकडे घालून ती मारली.

मग चाकं मोकळी सरकायला हवीत. वर्कशॉपात फिरत्या तबकड्या असतात. आम्ही प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये जाडं मीठ पसरलं. सौ.चा डबा रिकामा झाला. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणली, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर केल्या, आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं. तो झाला टो. कॅम्बरसाठी ओळंबा. रिमच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत ४३० मिलिमीटर भरलं, त्यात एक अंश म्हणजे साडेसात मिलिमीटर. मागे डाव्या चाकाला २१ मिलिमीटर फरक, उजव्याला १९. म्हणजे २.८ आणि २.५ अंश निगेटिव्ह. आजीचे डोळे पंच्याहत्तरीतही ठीक आहेत.

आम्ही लगेच निकाल देऊन टाकला: "हा बघ गुन्हेगार, कॅम्बर. आता अ‍ॅडजस्ट होणारे आर्म घ्यावे लागणार." चिरंजीव कागदावर टोचे आकडे मांडत होते. म्हणाले, "बाबा, कॅम्बरनं टायर आतून झिजतो, मान्य. पण हजारो किलोमीटर लागतात. माझे दोन महिन्यांत गेले." आणि कागद पुढे केला. डावं मागचं चाक ५ मिलिमीटर बाहेर पाहत होतं, उजवं १ मिलिमीटर. एकूण ६ मिलिमीटर टो-आउट, जिथे थोडा टो-इन हवा.

हिशेब करून बघा. गाडी सरळ चालताना हे ६ दोन्ही चाकांत वाटले जातात, प्रत्येकी ३. ते मोजले रिमच्या ४३० मिलिमीटरांवर. म्हणजे ढोबळमानानं प्रत्येक चाक दर किलोमीटरला सात मीटर आडवं ओढलं जात होतं. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर सत्तर किलोमीटर नुसतं फरफटणं. आणि कॅम्बरमुळे सगळा भार आतल्या कडेवर, म्हणून ही फरफट तेवढ्याच पट्टीवर. ओल्या वळणावर गाडी मागून का फिरली तेही यातच आलं. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, आणि ते चाक बाहेर तोंड करून बसलं असेल तर मागचा भाग बाहेरच पळणार. त्यात टायरला रबर नाही.

डावं ५ आणि उजवं १, हा फरक कुठून आला? गाडीखाली शिरून पाहिलं. मागचा स्प्रिंग काढायला ज्या आर्मचा बोल्ट सैल करतात, त्याच आर्मला टो जुळवायचा कॅम बोल्ट असतो. त्याचं डोकं मध्यापासून बाजूला काढलेलं असतं, फिरवलं की आर्म आतबाहेर सरकतो. तो सैल करण्याआधी खडूनं खूण करायची असते. त्या रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये कुणी खूण केली नव्हती. चिरंजीव बराच वेळ त्या बोल्टकडे बघत राहिले. आम्ही तेव्हा त्याला ऑगस्टमधल्या तिरक्या स्टीअरिंगचं सांगितलं. आम्हाला कळलं होतं आणि आम्ही बोललो नाही, हे सांगितलं. तो म्हणाला, "ओके." मग थोड्या वेळानं, "१७ चा पाना दे."

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही, हे वहिनींनी मुलांना सांगावं) तेव्हा आणखी एक प्रकार उघड झाला. चाक लोंबकळू लागताच मागचा स्प्रिंग हातानं गरागरा फिरला. मूळ लांबीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि आखूड स्प्रिंग. चाक पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटणार. न्यूझीलंडच्या नियमात हे चालत नाही. चाक पूर्ण लोंबलं तरी स्प्रिंग अडकलेलाच राहिला पाहिजे, स्प्रिंग कापलेला किंवा तापवून दाबलेला नको, आणि रिकाम्या गाडीच्या खालच्या अंगापासून जमिनीपर्यंत निदान १०० मिलिमीटर हवेत. उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवले तर 'लो व्हॉल्यूम व्हेइकल'चं सर्टिफिकेट घ्यावंच लागतं. ते मिळालं की गाडीला धातूची छोटी पट्टी लावतात. याखेरीज काही बदलायचं असेल तर सर्टिफाय करणाऱ्याला सुटे भाग विकत घेण्याआधी विचारावं, नंतर नाही. विमा कंपनीलाही कळवावं. न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळीच बरोबर त्यांच्या नजरेस पडतो.

१०० मिलिमीटरवरून एक किस्सा. चिरंजीवांनी डेकच्या कामातून उरलेला 'चार बाय दोन'चा तुकडा गाडीखालून सरकवून "बघ, शंभर पास" म्हणून दाखवलं. आम्ही टेप लावली. रंधा मारलेला शंभर बाय पन्नास इथे प्रत्यक्षात नव्वद बाय पंचेचाळीसच असतो! खरं अंतर भरलं १०४. म्हणजे गाडी रिकामी असताना पास, पण आजी, सामान आणि दोन मित्र बसले की ड्राइव्हवेवर खर्रर्र. भारतात हा प्रश्न फार काळ टिकला नसता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच आहे, आणि आपल्याकडचे गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना सांगितलं की उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. इथे निदान रीतसर वाट ठेवली आहे.

मग त्याला विचारलं, "मूळ स्प्रिंग परत घालायचे?" मनातून आम्हाला तेच हवं होतं. त्याचा चेहरा पाहून आम्हीच म्हटलं, किंवा मग नीट खाली करू. त्यानं शोधून २५ मिलिमीटरवाले, याच गाडीसाठी बनवलेले नवे स्प्रिंग आणि त्यांच्या जोडीचे आखूड शॉक काढले. स्प्रिंगचे पैसे त्यानं दिले, शॉकचे आम्ही. मौनव्रताचा दंड म्हणून.

बसवताना एक गोष्ट केली जी बहुतेक लोक करत नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात. त्यांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पक्कं होतं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. मग गाडी नीट बसत नाही, उंची चुकीची दाखवते, आणि रबर लवकर फाटतं. म्हणून बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर जाड फळ्यांवर उभी करायची, दोनचार वेळा दाबून हलवायची, आणि मग खाली शिरून आवळायचे. पाठ मोडते. आजीनं आम्हा दोघांना वेगवेगळा आयोडेक्स चोळला.

पुढचा क्रम असा: टायरमधली हवा सारखी करणं, मागचा कॅम्बर पाहणं, मागचा टो जुळवणं, आणि शेवटी स्टीअरिंग बरोबर मध्यावर बांधून पुढचा टो. मागचं आधी, पुढचं नंतर. कारण गाडी मागच्या चाकांच्या रेषेत चालते आणि पुढची त्यांच्याशी जुळवायची असतात. त्या पहिल्या दुकानात नेमकं हेच उलटं झालं होतं. नव्या उंचीवर मागचा कॅम्बर दीड अंशाच्या आसपास आला, त्यामुळे आम्ही ज्या आर्मचा निकाल देऊन बसलो होतो त्यांची गरजच पडली नाही. टो एकूण २ मिलिमीटर आत ठेवला.

दोरी-मिठावर विसंबून मोटरवेवर जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. चारही चाकं मोजणाऱ्या मशीनवर गाडी नेली, नवे टायर घालून. तिथल्या माणसानं छापील कागद दिला: मागचा कॅम्बर डावा १.७, उजवा १.५. आमच्या ओळंब्यानं १.६ आणि १.५ सांगितले होते. टोमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता, तो त्यानं काढला. चिरंजीवांनी त्याला विचारलं नसतानाही सांगितलं की आम्ही हे मिठावर मोजलं. तो कागद आता फ्रिजवर आहे, आजीच्या परतीच्या तिकिटाशेजारी.

आजीला विमानतळावर त्याच गाडीतून सोडलं. पाऊस होताच. ती पुढे बसली, आम्ही मागे, गुडघे छातीशी घेऊन. ड्राइव्हवेवर आवाज झाला नाही. आता नवे स्प्रिंग बसायला हजारेक किलोमीटर जातील, मग सगळं पुन्हा एकदा मोजायचं आहे. सौ.नं मीठ वेगळं आणून ठेवलंय आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'गाडीचं'.